शेकडोंत एक: नानकाई गर्तेवरच्या पहिल्या दक्षता सूचनेचा आठवडा

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार, दुपारचे ४ वाजून ४२ मिनिटं. जपानच्या क्यूशू बेटाच्या पूर्वेला, मियाझाकी प्रांतासमोरच्या ह्यूगा समुद्रात, सुमारे ३० किलोमीटर खोलीवर ७.१ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. निचिनान शहराला हादरा सर्वांत जोरात बसला. मियाझाकी बंदरात अर्ध्या मीटरची त्सुनामी नोंदली गेली, काही माणसं जखमी झाली, कुणी दगावलं नाही. एरवी हा भूकंप जपानमध्ये दोन दिवसांत मागे पडला असता. पण तो झाला ती जागा नानकाई गर्तेच्या पश्चिम टोकाची होती. त्यामुळे सुमारे अडीच तासांत जपानच्या हवामान संस्थेने पहिल्यांदाच एक सूचना काढली: या गर्तेवर महाभूकंप होण्याची शक्यता नेहमीपेक्षा वाढली आहे.

या प्रकरणात ते अडीच तास आणि पुढचा आठवडा तपासला आहे. निर्णय घेणाऱ्यांचा उल्लेख त्यांच्या पदाने केला आहे, नावं घेतलेली नाहीत. त्या खुर्चीत दुसरं कुणी असतं तरी पेच तोच राहिला असता.

पार्श्वभूमी

नानकाई गर्ता म्हणजे शिझुओकाजवळच्या सुरुगा उपसागरापासून ह्यूगा समुद्रापर्यंत, जपानच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला समांतर गेलेली सुमारे ७०० किलोमीटर लांबीची समुद्रतळावरची घळ. इथे फिलिपाइन समुद्राचा भूपट्ट दरवर्षी काही सेंटिमीटर जपानखाली शिरतो. दोन्ही पट्ट जिथे एकमेकांना घट्ट धरून आहेत तिथे खालचा पट्ट वरच्याची कड आपल्याबरोबर खाली ओढत नेतो. शंभर-दीडशे वर्षं साठलेला हा ताण एका झटक्यात सुटला की ८ च्या आसपासचा किंवा त्याहून मोठा भूकंप होतो, आणि दबलेली कड उसळून वरचा समुद्रच उचलते.

एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो असे पट्टे, म्हणजे सबडक्शन झोन, चिलीतही आहेत, अलास्कात आहेत, सुमात्रात आहेत. पण नानकाईइतकी जुनी लेखी नोंद दुसऱ्या कोणत्याही झोनची नाही. राजदरबारच्या बखरी, मठ-मंदिरांची दप्तरं आणि गावोगावच्या रोजनिशा जुळवून जी मालिका उभी राहिली ती अशी: ६८४, ८८७, १०९६ आणि १०९९, १३६१, १४९८, १६०५, १७०७, १८५४, १९४४ आणि १९४६.

या मालिकेवरून पुढचा भूकंप कुठे आणि केव्हा हे सांगता येतं का? यातला ‘कुठे’चा भाग आधी पाहू. तीच घळ दर खेपेला वेगळ्या तऱ्हेने फुटते. १७०७ साली ती जवळजवळ अख्खी एकदम फुटली, आणि ४९ दिवसांनी फुजी पर्वताचा उद्रेक झाला. १८५४ मध्ये २३ डिसेंबरला पूर्वेचा अर्धा भाग गेला आणि सुमारे ३० तासांनी, दुसऱ्या दिवशी, पश्चिमेचा. विसाव्या शतकात पूर्वेचा भाग ७ डिसेंबर १९४४ ला आणि पश्चिमेचा २१ डिसेंबर १९४६ ला. त्या दोन भूकंपांत मिळून अडीच हजारांवर माणसं गेली. एक अर्धा फुटला की दुसरा फार काळ तग धरत नाही, हे यातून नीट दिसतं. मात्र ‘फार काळ नाही’ म्हणजे काही मिनिटं, एक दिवस, की दोन वर्षं, हे इतिहास सांगत नाही. १६०५ चा भूकंप तर या मालिकेत बसतो की नाही यावरच वाद आहे, कारण त्याची त्सुनामी प्रचंड होती आणि हादऱ्याच्या नोंदी मात्र फार थोड्या सापडतात.

‘केव्हा’चा भाग आणखी अडचणीचा. १३६१ पासून पुढची अंतरं काढली तर १३७, १०७, १०२, १४७ आणि ९० वर्षं येतात. त्याआधीची अंतरं दोनशेच्या वर, एक तर २६२ वर्षांचं. पृथ्वीला चौदाव्या शतकापासून घाई झाली असं मानण्यापेक्षा जुन्या काळातले काही भूकंप नोंदीतून निसटले असं मानणं अधिक सयुक्तिक आहे. उत्खननांत सापडलेल्या, हादऱ्याने वाळू उफाळून वर आल्याच्या खुणा त्याच बाजूने बोलतात. पण १३६१ च्या आधीचे आकडे धरायचे की सोडायचे, यावर सरासरी आणि तिच्यावर उभी राहणारी शक्यता, दोन्ही बदलतात.

आपल्याकडे ही अडचण आणखी तीव्र आहे. कोकण किनाऱ्याला ज्या सबडक्शन झोनचा धोका आहे तो पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगतचा मकरान. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथे ८.१ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचली आणि इथेही माणसं वाहून गेली. पण उपकरणांवर नीट नोंदला गेलेला तिथला महाभूकंप हा एकच. एका नोंदीवरून अंतर काढता येत नाही. नानकाईकडे डझनभर नोंदी असूनही काय होतं, ते पाहण्यात आपला स्वार्थ आहे.

मुरोत्सु बंदराची खोली

पुढचा सगळा पेच शिकोकू बेटावरच्या एका लहानशा बंदरातून निघतो, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

मुरोतो भूशिराजवळ मुरोत्सु नावाचं बंदर आहे. महाभूकंपात हा भाग वर उचलला जातो आणि पुढच्या भूकंपापर्यंत सावकाश खचत राहतो. बंदराचा तळ वर आला की पाणी उथळ होतं आणि नावा आत येईनाशा होतात. त्यामुळे एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) बंदर अधिकाऱ्याच्या घराण्याने पाण्याच्या खोलीची मापं लिहून ठेवली. भूकंपशास्त्रासाठी म्हणून त्यांनी ती लिहिली नव्हती. त्यांना नावांची काळजी होती. १९३० साली इमामुरा आकित्सुने या भूकंपशास्त्रज्ञांनी या नोंदींवर लेख लिहिला आणि त्या अभ्यासकांसमोर आल्या.

त्यांतून असं निघालं की १७०७ मध्ये बंदर सुमारे १.८ मीटर उचललं गेलं, १८५४ मध्ये १.२ मीटर आणि १९४६ मध्ये १.१५ मीटर. १९८० मध्ये शिमाझाकी आणि नाकाता या दोघांनी एक सरळ कल्पना मांडली: भूकंप जितका मोठा, तितका पुढचा लांबणीवर. १७०७ च्या १.८ मीटरनंतर १४७ वर्षं गेली, १८५४ च्या १.२ मीटरनंतर ९२ वर्षं. दोन्हींचा भागाकार वर्षाला १२-१३ मिलिमीटर, जवळपास सारखाच. मग १९४६ च्या १.१५ मीटरला किती वर्षं? सुमारे ८८. म्हणजे २०३४ च्या आगेमागे.

हा हिशेब फार देखणा आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे दोनदा पाहायला हवं. खोली बंदरात नेमकी कुठे आणि कशी मोजली याची नोंद नाही. बंदर अधूनमधून खोदून खोल केलं जात होतं. सात-आठशे किलोमीटरच्या घळीचं वेळापत्रक एका बंदरातल्या तीन मापांवर तोललेलं आहे. तरीही सरकारी संशोधन समिती याच पद्धतीवरून ‘पुढच्या ३० वर्षांत ७० ते ८० टक्के’ असा आकडा देत आली. २०१३ च्या अहवालाच्या वेळी काही तज्ज्ञांनी दाखवून दिलं होतं की जपानच्या इतर सबडक्शन झोनसाठी वापरली जाणारी, फक्त अंतरांच्या सरासरीवर चालणारी पद्धत इथे लावली तर आकडा २० टक्क्यांच्या आसपास येतो. तो आकडा अहवालात मागे पडला आणि लोकांपर्यंत मोठाच पोहोचला.

सूचना काढण्याची यंत्रणा कशी तयार झाली

१९४४ च्या भूकंपात सुरुगा उपसागराचा कोपरा फुटला नव्हता. १९७६ मध्ये इशिबाशी कात्सुहिको यांनी हा कोपरा कधीही जाऊ शकतो असं मांडलं आणि देश हादरला. १९७८ मध्ये कायदा झाला: भूकंपाची पूर्वचिन्हं दिसली तर पंतप्रधानांनी जाहीर इशारा द्यायचा, रेल्वे थांबवायची, बँका बंद करायच्या. भूकंप आधी सांगता येईल, या विश्वासावर हा कायदा उभा होता. तो कोपरा आजतागायत फुटलेला नाही. दरम्यान १९९५ मध्ये कोबे आणि २०११ मध्ये तोहोकू, दोन्ही भूकंप न सांगता आले. २०१७ मध्ये सरकारने भाकितावर बेतलेली व्यवस्था सोडून दिली.

तिच्या जागी जे आलं ते २०११ च्या एका कटू अनुभवातून. ९ मार्च २०११ रोजी तोहोकूच्या समुद्रात ७.३ चा भूकंप झाला. तो नेहमीचा म्हणून सोडून देण्यात आला. दोन दिवसांनी, त्याच्या शेजारीच, ९.० चा. तेव्हा असं ठरलं की नानकाईच्या पट्ट्यात ६.८ किंवा त्याहून मोठा भूकंप झाला तर तज्ज्ञांची समिती तातडीने बसेल, आणि तो ७.० किंवा त्याहून मोठा ठरला तर शक्यता वाढल्याचं लोकांना सांगेल. ८.० किंवा त्याहून मोठा झाला, म्हणजे अर्धी गर्ता फुटली, तर ‘महाभूकंप इशारा’; त्सुनामीआधी ज्यांना पळणं जमणार नाही त्यांनी आठवडाभर आधीच हलायचं. ७.० ते ८.० च्या दरम्यान असेल तर ‘महाभूकंप दक्षता’. रोजचं जगणं चालू ठेवायचं आणि तयारी पुन्हा तपासायची. ही पद्धत ३१ मे २०१९ पासून लागू झाली. पाच वर्षं ती वापरण्याची वेळ आली नव्हती.

प्रश्न

८ ऑगस्टला संध्याकाळी ५ वाजता हवामान संस्थेने तपास सुरू झाल्याचं जाहीर केलं. साडेपाचला समिती बसली. तिच्यापुढे पहिल्या तासात दोन प्रश्न होते: हा भूकंप दोन भूपट्टांच्या सीमेवरच झाला का, आणि त्याचं मोमेंट मॅग्निट्यूड, म्हणजे किती भाग किती सरकला यावरून काढलेला आकडा (पहिल्या ७.१ हून वेगळ्या पद्धतीचा), ७.० च्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतं का. भूकंपलहरींच्या नोंदींवरून घसरण सीमेवरच्या भूकंपासारखीच दिसत होती. मॅग्निट्यूड निघालं ७.०, म्हणजे उंबरठ्यावर बोट ठेवल्यासारखं.

नियमाप्रमाणे सूचना काढणं ठरलेलंच होतं. खरा पेच सूचनेत काय म्हणायचं याचा होता. १९०४ ते २०१४ या काळात जगभरात ७.० किंवा त्याहून मोठे १,४३७ भूकंप मोजले गेले, आणि त्यांतल्या ६ वेळा सात दिवसांच्या आत जवळच ८ च्या वर्गातला किंवा त्याहून मोठा भूकंप झाला. म्हणजे शेकडोंत एकदा. नेहमीच्या कोणत्याही आठवड्याची शक्यता, ७०-८० टक्क्यांच्या आकड्यावरून, साधारण हजारांत एक. शक्यता काही पटींनी वाढली हे खरं, आणि ९९ टक्क्यांहून अधिक वेळा काहीच होणार नाही हेही खरं. दोन्ही वाक्यं एकाच दमात कशी सांगायची?

स्थानिक इतिहासही समितीला ठाऊक होता. ह्यूगा समुद्रात ७ च्या आसपासचे भूकंप दर काही दशकांनी होतात: १९४१, १९६१, १९६८, १९८४, आणि १९९६ मध्ये त्याहून थोडे लहान असे दोन. यांतल्या एकाच्याही पाठोपाठ आठवडाभरात महाभूकंप आलेला नाही. १९४१ नंतर १९४४ आला, पण तीन वर्षांनी आणि दूरच्या टोकाला.

समोर असलेले पर्याय

हवामान संस्थेपुढे नावापुरतेच पर्याय होते. सूचना न काढणं म्हणजे २०११ च्या ९ मार्चची पुनरावृत्ती करणं. वरची पायरी, म्हणजे इशारा, नियमात बसत नव्हती. मोकळीक होती ती शब्दांत आणि आकड्यांत.

खरे पर्याय होते खाली, प्रत्यक्ष किनाऱ्यावर. सूचनेचा पट्टा टोकियोच्या उत्तरेकडच्या इबाराकीपासून ओकिनावापर्यंत २९ प्रांतांतल्या ७०७ नगरपालिका आणि गावांचा होता. त्या प्रत्येक ठिकाणच्या प्रमुखाला त्या रात्री ठरवायचं होतं: समुद्रकिनारा उघडा ठेवायचा का? उत्सव होऊ द्यायचा का? म्हाताऱ्या माणसांना आधीच हलवायचं का? रेल्वे कंपन्यांना ठरवायचं होतं, गाड्या नेहमीच्या वेगाने धावतील की हळू. मार्गदर्शक सूचना सांगत होत्या की रोजचं जगणं चालू ठेवा, आणि पुढे प्रत्येकाने आपापल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावं. हे वाक्य टोकियोच्या कचेरीत बसून लिहायला सोपं आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, पितरांच्या ओबोन सणासाठी निम्मा देश गावी निघालेला असताना, शनिवारी सकाळी किनाऱ्यावर हजारो पोहणारे येणार हे माहीत असलेल्या गावप्रमुखाला ते अपुरं आहे. त्यात नोतो द्वीपकल्पातल्या १ जानेवारीच्या विध्वंसाला जेमतेम सात महिने झाले होते. त्या भूकंपाचा नानकाईशी संबंध नाही, पण प्रत्येकाच्या मनात तो ताजा होता.

घेतलेले निर्णय

संध्याकाळी सव्वासात वाजता दक्षता सूचना निघाली. समितीच्या अध्यक्षांनी पत्रकारांसमोर शक्यता नेहमीच्या काही पट झाल्याचं सांगितलं. भूकंप नक्की होणारच असा याचा अर्थ नाही, हेही संस्थेने स्पष्ट केलं.

दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, पंतप्रधानांनी मध्य आशिया आणि मंगोलियाचा दौरा रद्द केला. हा निर्णय मला समजतो. देशप्रमुख विमानात असताना महाभूकंप झाला असता तर त्याला कुणी माफ केलं नसतं. पण त्याची किंमत लगेच दिसली. ‘रोजचं जगणं चालू ठेवा’ असं सांगणाऱ्या सरकारनेच आपलं रोजचं काम थांबवलं, आणि लोकांनी कागदावरच्या मजकुरापेक्षा ही कृती वाचली. त्याच संध्याकाळी टोकियोजवळ कानागावा प्रांताच्या पश्चिमेला ५.३ चा भूकंप झाला. अधिकाऱ्यांनी त्याचा नानकाईशी थेट संबंध नसल्याचं सांगितलं, तोपर्यंत दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या संपत आल्या होत्या.

तोकाइदो शिन्कान्सेन ही बुलेट ट्रेन मिशिमा ते मिकावा-आन्जो या टप्प्यात कमी वेगाने धावली, दहा-पंधरा मिनिटांच्या उशिराने. पश्चिमेकडच्या रेल्वेने किनाऱ्यालगतच्या काही गाड्या आणि रात्रीची शयनयान गाडी रद्द केली.

आता तीन किनारी ठिकाणं शेजारी ठेवून पाहावीत. वाकायामा प्रांतातल्या शिराहामाने आपले समुद्रस्नानाचे किनारे आठवडाभर बंद केले आणि आतषबाजीचा कार्यक्रम रद्द केला. तिथल्या लोकांचं वर्षाचं पोट या एका आठवड्यावर चालतं. हॉटेलांची आरक्षणं भराभर रद्द झाली. कोची प्रांतातल्या कुरोशिओ गावाने, जिथे सरकारी अंदाजानुसार देशातली सर्वांत उंच, ३४ मीटरपर्यंतची त्सुनामी येऊ शकते, आश्रयस्थानं उघडली आणि ज्येष्ठांना आधीच हलण्याची सूचना दिली, म्हणजे दक्षतेच्या पायरीला अपेक्षित असलेल्याहून जास्त केलं. आणि कोची शहराने आपला योसाकोई नृत्योत्सव ९ ऑगस्टपासून ठरल्याप्रमाणे भरवला, पळण्याच्या जागांची माहिती गर्दीत पोहोचवून. १९४६ च्या भूकंपात हेच शहर सुमारे मीटरभर खचून पाण्याखाली गेलं होतं. आठवण नसलेलं गाव नाही हे.

सूचना एक, विज्ञान एक, आणि उत्तरं तीन. यातलं कोणतं बरोबर? माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर किनाऱ्यापासून उंच जागेपर्यंत किती मिनिटं लागतात यावर आहे, शेकडोंत एक या आकड्यावर नाही. शहरात नाचणाऱ्या माणसाला पक्क्या इमारतीचा वरचा मजला जवळ असतो. वाळूवर झोपलेल्या अनोळखी पर्यटकाला रस्ताच ठाऊक नसतो. जिथे हा हिशेब आधीच मांडलेला होता तिथे निर्णय कसाही असो, त्यामागे कारण होतं. जिथे नव्हता तिथे शेजारच्या गावाने काय केलं ते पाहून ठरलं.

निष्पत्ती

१५ ऑगस्टला संध्याकाळी ५ वाजता सरकारने विशेष दक्षतेचं आवाहन मागे घेतलं. महाभूकंप झाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी वादळामुळे टोकियो ते नागोया शिन्कान्सेन दिवसभर बंद राहिली आणि बातम्यांचा विषय बदलला.

सात दिवस का, हे सांगितलं जायला हवं होतं. भूकंपानंतर वाढलेली शक्यता सातव्या दिवशी संध्याकाळी संपत नाही, ती हळूहळू उतरत जाते. सात दिवसांची मुदत ठरवताना समाज किती काळ असा ताण सहन करू शकेल याचा विचार झाला होता. तो विचार योग्यच आहे. पण आवाहन मागे घेतलं गेलं तेव्हा अनेकांनी ‘धोका टळला’ असा अर्थ घेतला, आणि टळलेलं काहीच नव्हतं.

दुकानांत पाणी आणि तांदूळ दोन्हींवर झुंबड उडाली. तांदळाचा साठा त्या उन्हाळ्यात आधीच कमी होता. या आठवड्यातल्या खरेदीने टंचाई आणखी वाढली. समाजमाध्यमांवर अमुक तारखेला भूकंप होणार अशा थापा पसरल्या. दुसऱ्या बाजूला असंख्य घरांत पाण्याचे डबे भरले गेले, कपाटं भिंतीला बांधली गेली, कुठे भेटायचं ते ठरलं. ही तयारी आठवडा संपला म्हणून वाया गेलेली नाही. किनाऱ्यावरच्या व्यावसायिकांचं नुकसान मात्र कुणी भरून दिलं नाही, आणि पुढच्या वेळी तेच लोक किनारा बंद करायला विरोध करतील तेव्हा त्यांना बेजबाबदार म्हणणं अन्यायाचं होईल.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट आकड्याची. ‘नेहमीच्या काही पट’ हे शब्द वापरले नसते तर बरं झालं असतं. पट काढायला खाली एक मूळ आकडा लागतो, आणि इथला मूळ आकडा मुरोत्सु बंदरातून आलेला आहे. ३० वर्षांत ७५ टक्के धरलं तर एका आठवड्याची शक्यता साधारण हजारांत एक येते, आणि शेकडोंत एक हे त्याच्या चार-पाच पट ठरतं. पण ३० वर्षांत २० टक्के धरलं तर आठवड्याची शक्यता सात हजारांत एक होते, आणि तीच सूचना सुमारे तीस पटींची भासते. जमिनीखाली काहीही न बदलता ‘पट’ सहापट झाले. शेकडोंत एक हा आकडा मात्र जगभरच्या नोंदींतून आलेला आहे, तो बंदराच्या मापांवर अवलंबून नाही. तेवढाच सांगायचा, आणि सोबत ह्यूगा समुद्रातल्या आधीच्या भूकंपांमागून काय झालं तेही सांगायचं. लोकांना एवढं कळतं.

या मूळ आकड्याचं पुढे काय झालं तेही इथेच नोंदवतो. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी समितीने तो, केवळ आणखी एक वर्ष सरलं म्हणून, ‘सुमारे ८० टक्के’ केला. मग सप्टेंबर २०२५ मध्ये बंदराच्या मापांतली अनिश्चितता हिशेबात घेऊन दोन आकडे शेजारी शेजारी दिले: एका पद्धतीने ६० ते ९० टक्क्यांहून अधिक, दुसरीने २० ते ५० टक्के. ही कबुली २०१३ मध्येच ठळक छापता आली असती. दोन आकडे दिले की लोक गोंधळतील ही भीती मला समजते, पण नंतर बदललेला एक आकडा विश्वासाला जास्त इजा करतो.

दुसरी गोष्ट, गावपातळीच्या निर्णयांची. ‘ज्याने त्याने ठरवावं’ हे तत्त्व ठीक आहे, पण ते ठरवण्याची वेळ भूकंपानंतरची नसावी. प्रत्येक किनाऱ्यासाठी एक साधं कोष्टक आधीच हवं: पहिली लाट किती मिनिटांत, उंच जागा किती अंतरावर, गर्दीत अनोळखी माणसं किती, पहारेकरी किती. वीस मिनिटं हाताशी असतील आणि पळायला पाच लागत असतील तर किनारा उघडा ठेवता येतो. उलट असेल तर तो बंद ठेवावा लागेल, आणि मग नुकसानभरपाईची तरतूदही त्याच कागदावर असली पाहिजे. या आठवड्यानंतर जपान सरकारने मार्गदर्शक सूचना सुधारायला घेतल्या, हे योग्य पाऊल आहे.

तिसरी गोष्ट पायऱ्यांची. १३ जानेवारी २०२५ च्या रात्री ह्यूगा समुद्रात पुन्हा मोठा भूकंप झाला. समिती पुन्हा बसली. या वेळी मोमेंट मॅग्निट्यूड निघालं ६.७, उंबरठ्याच्या खाली, आणि मध्यरात्रीच्या आत ‘तपास पूर्ण’ असं जाहीर झालं. दक्षता नाही, आवाहन नाही, दुसऱ्या दिवशी गाड्या पूर्ण वेगाने. ६.७ आणि ७.० यांच्यात ऊर्जेचा फरक सुमारे तिपटीचा आहे, आणि शक्यतेच्या दृष्टीने ७.० ला भिंत असल्यासारखं काही नाही. नियमाला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. पण रेघेच्या एका बाजूला देशभर आवाहन आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, ही रचना मला पटत नाही. रेघेच्या खाली राहिलेल्या भूकंपानंतरही किनारी गावप्रमुखांना एक छोटा निरोप जायला हरकत नाही: जागा तीच आहे, आकडा एवढा आहे, तुमचं कोष्टक एकदा काढून पाहा. त्याने रेल्वे थांबणार नाही की किनारा बंद होणार नाही. ज्येष्ठांच्या घरी कोण जाणार, आश्रयस्थानाची किल्ली कुणाकडे, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना वर जाण्याचा रस्ता कोण दाखवणार, एवढं त्या रात्री तपासून होईल.